फोनच्या पाठीवरचं 'झाइस' नक्की कुणाचं?

नवीन विवो आला की दर वेळी तेच. लाँचला तासही झालेला नसतो आणि ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते झाइसची लेन्स आहे भावा, विषय संपला. दुसरी म्हणते कसलं काय, चायनाचा फोन, प्लास्टिकची लेन्स, वर एका जर्मन लेन्स कंपनीचं नाव चिकटवलंय आणि किंमत वाढवलीये. शाओमीवर लायका आलं, वनप्लसवर हॅसलब्लाड आलं (ही दोन्ही जुन्या कॅमेरा कंपन्यांची नावं), तेव्हाही हीच भांडणं झाली होती.

माहितीच्या बाबतीत दुसरी पार्टी बरीचशी बरोबर आहे. पण त्यावरून ते जे ठरवतात ना, की म्हणजे हा सगळा बनाव, तिथे गाडी घसरते. नाव झाइसचं आणि कारखाना भलत्याचाच ही काही फोनवाल्यांनी काढलेली टूम नाही, झाइसने कॅमेऱ्याच्या लेन्स आणल्या तेव्हापासूनच हे असं चाललंय. त्यामुळे जरा मागे जावं लागेल, इलाज नाही.

## कॅमेरा नव्हे, मायक्रोस्कोप

कार्ल झाइस या माणसाने १८४६ मध्ये येना नावाच्या छोट्या जर्मन गावात वर्कशॉप टाकलं. येना म्हणजे युनिव्हर्सिटीचं गाव, त्यामुळे प्रयोगशाळेची उपकरणं दुरुस्त करणं आणि मायक्रोस्कोप बनवणं हा धंदा. त्या काळी मायक्रोस्कोप बनायचे ते अंदाजाने. कारागीर काच घासायचा, बसवायचा, बघायचा, नाही जमलं तर परत घासायचा. एखादा नग झकास निघायचा आणि त्याच्याच शेजारचा एकदम सुमार, आणि असं का झालं हे कुणालाच सांगता यायचं नाही.

झाइसला हे खटकत होतं. १८६६ मध्ये त्याने युनिव्हर्सिटीतल्या एका पंचविशीतल्या फिजिक्सच्या मास्तरला गाठलं, एर्न्स्ट आबे. हा गडी गिरणी कामगाराचा पोरगा. बाप सूतगिरणीत दिवसाला चौदा-सोळा तास उभा, पोरगा डबा घेऊन जायचा आणि बाप मशीनला टेकून उभ्या उभ्याच जेवायचा, ही आठवण आबेने स्वतः सांगितलेली आहे. आपल्या गिरणगावातल्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. पण ही गोष्ट पुढे परत लागणार आहे.

आबेने काय केलं, तर आधी गणित आणि मग घासणं. काच हातात घ्यायच्या आधीच कागदावर ठरवायचं की वक्र किती, जाडी किती, कोणती काच कुठे. १८७२ पासून झाइसचे सगळे मायक्रोस्कोप या हिशोबावर बनायला लागले. पुढच्याच वर्षी त्याने हेही दाखवून दिलं की लेन्स कितीही भारी करा, प्रकाशाच्या लहरीच्या लांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक गोष्ट तुम्हाला वेगळी दिसणारच नाही. त्याचं ते सूत्र आज येनात त्याच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

आता इथे एक भानगड समजून घ्यावी लागेल, रंगदोष. काचेतून जाताना निळा प्रकाश जास्त वाकतो आणि लाल कमी, म्हणून एकाच काचेने सगळे रंग एका बिंदूवर आणता येत नाहीत आणि कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते. उपाय असा की वेगवेगळ्या गुणाच्या काचा जोडायच्या, म्हणजे एकीची चूक दुसरी खोडून काढते. आबेच्या गणिताला ज्या काचा हव्या होत्या त्या मात्र जगात कुठेच मिळत नव्हत्या! मग तिसरा माणूस आला, ऑटो शॉट, काचवाल्यांच्या घरातला आणि शिकलेला केमिस्ट. १८८४ मध्ये येनातच काचेचा कारखाना निघाला, नव्या काचा आल्या, आणि १८८६ मध्ये आबेने तीन रंग एका जागी आणणारी मायक्रोस्कोपची लेन्स आणली. तिला अपोक्रोमॅट म्हणतात. विवोच्या एक्स १०० प्रोच्या टेलिफोटोच्या जाहिरातीत 'एपीओ' ही तीन अक्षरं आहेत ना, ती इथून आलीत.

## दोन लेन्स आणि चार टक्क्यांचा घोटाळा

कॅमेऱ्याच्या लेन्सकडे झाइस वळली ती १८९० मध्ये, पाउल रुडोल्फ या माणसामुळे. त्याने पाठोपाठ तीन मोठ्या गोष्टी दिल्या: १८९० ची अॅनास्टिग्मॅट, जिचं नाव नंतर प्रोटार झालं, १८९६ ची प्लॅनार आणि १९०२ ची टेसार. प्रोटारचं काम असं की फोटोचा मध्य आणि कोपरे दोन्ही एकदम शार्प. त्याआधी कोपरे म्हणजे देवाच्या भरवशावर.

प्लॅनार आणि टेसारची मजा जरा सावकाश बघू, कारण फोनच्या भांडणाचं उत्तर यातच आहे.

प्लॅनारमध्ये सहा काचा, चार गटात. कागदावर ही लेन्स अफाट होती. पण काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. खिडकीच्या काचेत रात्री आपलाच चेहरा दिसतो तो याच परत फिरलेल्या प्रकाशामुळे. चार गट म्हणजे आठ पृष्ठभाग, म्हणजे पाव भागाहून जास्त प्रकाश वाया. नुसता वाया गेला असता तर चाललं असतं, पण तो लेन्सच्या आतच इकडून तिकडे उड्या मारत बसतो आणि शेवटी फिल्मवर धुकं होऊन पडतो. फोटो फिका, काळा रंग राखाडी. त्यामुळे एवढी हुशार डिझाइन असूनही प्लॅनार बरीच वर्षं मागे पडली.

टेसारमध्ये चारच काचा, तीन गटात, पृष्ठभाग सहा. हिशोबाने कमी हुशार, पण फोटो कडक आणि बनवायला स्वस्त. झाइसने जाहिरात केली 'तुमच्या कॅमेऱ्याचा गरुडाचा डोळा', आणि टेसार विसाव्या शतकातली सगळ्यात जास्त बनलेल्या आणि कॉपी झालेल्या लेन्सपैकी एक ठरली.

मग १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने तो चार टक्क्यांचा घोटाळा सोडवला. काचेवर एक अतिशय पातळ थर चढवायचा, मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग एवढा. थराच्या वरून परतणारा प्रकाश आणि थराखालच्या काचेवरून परतणारा प्रकाश एकमेकांना मारतात, आणि जो परत फिरणार होता तो पुढे जातो. कोटिंग म्हणतात ते हेच. चष्मेवाल्याकडे अँटी-ग्लेअर मागता तेही याच घराण्यातलं. कुठलीही लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा, वर जांभळट किंवा हिरवट झाक दिसते, ती त्या थराची. युद्ध चालू होतं तोवर जर्मन सैन्याने हे गुपित ठेवलं होतं, दुर्बिणी आणि पेरिस्कोपसाठी. युद्धानंतर कोटिंग सर्रास झालं आणि पन्नास-साठ वर्षं कोपऱ्यात बसलेल्या प्लॅनारच्या धाटणीने मग सगळा बाजार मारला. आज कुठल्याही कंपनीची जुनी साधी ५० एमएम लेन्स उघडली तर आत बहुतेक वेळा त्याच घराण्यातली मांडणी सापडेल.

## लायसन्सचा धंदा तेव्हाचाच

रुडोल्फच्या लेन्सला एवढी मागणी आली की येनाच्या कारखान्याला ती पुरी करणं शक्यच नव्हतं. मग झाइसने परवाने दिले. अमेरिकेत बॉश अँड लॉम, लंडनमध्ये रॉस, पॅरिसमध्ये क्राउस, जर्मनीत फोख्टलेंडर. हिशोब झाइसचा, घासणारे हात दुसऱ्यांचे, आणि लेन्सच्या कडेवर दोघांचीही नावं. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कुणी 'झाइस टेसार' घेतली तर ती जर्मनीत बनलेली असेलच असं नव्हतं, आणि त्यात कुणाला फसवणूक वाटत नव्हती, कारण लेन्समधली अवघड गोष्ट हिशोब ही आहे, घासणं त्यानंतर येतं. अर्थात घासणंही तेवढंच नेमकं लागतं, आणि माल तपासल्याशिवाय नाव द्यायचं नाही ही अट असेल तरच या धंद्याला अर्थ.

## कंपनीचा मालक कोण?

कार्ल झाइस १८८८ मध्ये गेला. मालकी आबेकडे येऊ शकत होती, तो गडगंज झाला असता. त्याने १८८९ मध्ये कार्ल झाइसच्याच नावाने एक फाउंडेशन काढलं आणि पुढे आपला हिस्सा त्याला देऊन टाकला. १९०० मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला, पगारी सुट्टी, पेन्शन, नफ्यात वाटा हे सगळं. बापाचा तो उभ्याने खाल्लेला डबा विसरला नव्हता. आजही झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्यांची मालकी त्याच फाउंडेशनकडे आहे, मूळ झाइस कंपनीचा शेअर तुम्हाला बाजारात मिळणार नाही.

एवढं कौतुक केलं तर हेही सांगायला हवं की दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने सैन्यासाठी माल बनवला आणि कारखान्यात वेठीला धरलेले परदेशी कामगार राबवले. फाउंडेशन चांगलं म्हणून कंपनी कायम चांगली राहिली असं नाही.

मधल्या काळात १९२६ मध्ये चार कॅमेरा कंपन्या एकत्र करून ड्रेस्डेनला झाइस आयकॉन उभी राहिली. लायकाला टक्कर म्हणून १९३२ मध्ये कॉन्टॅक्स कॅमेरा आला आणि त्याच्यासाठी लुडविग बेर्टेलेने सोनार लेन्स केली. कोटिंग नव्हतं तेव्हा, म्हणून पठ्ठ्याने सहा-सात काचा एकमेकींना चिकटवून तीनच गटात बसवल्या. पृष्ठभाग सहाच राहिले, आणि तरी लेन्स एफ १.५ इतकी उघडी, म्हणजे अंधारातही फोटो निघणार. मला विचाराल तर झाइसच्या अख्ख्या इतिहासातलं हे सगळ्यात देखणं काम.

## एक पाटी, दोन दुकानं

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येनात शिरलं. पण आधीच्या करारानुसार तो भाग रशियाच्या वाट्याला जाणार होता. मग अमेरिकनांनी जाता जाता झाइसची सुमारे ८० महत्त्वाची माणसं ट्रकात घालून पश्चिमेला नेली. त्यांनी ओबरकोखेन नावाच्या गावात नव्याने कारखाना उभा केला. मागून आलेल्या रशियनांनी येनातली बहुतेक यंत्रं नुकसानभरपाई म्हणून उचलली आणि शेकडो तंत्रज्ञही नेले. कॉन्टॅक्सचं सगळं बिऱ्हाड कीव्हला गेलं आणि तिथे तोच कॅमेरा 'कीव्ह' नावाने १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिला. सोनारची रशियन बहीण म्हणजे ज्युपिटर, आणि झाइसच्याच बायोटार लेन्सची रशियन बहीण हेलिओस.

येनात जे उरलं त्यावर तिथल्या लोकांनी परत कारखाना उभा केला, तो पूर्व जर्मनीच्या सरकारचा झाला. आता जगात दोन कार्ल झाइस! आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की मिठाईच्या एकाच नावाची दोन दुकानं समोरासमोर लागतात आणि दोन्हीवर 'मूळ दुकान, आमची कोठेही शाखा नाही' असं लिहिलेलं असतं, अगदी तसं. फक्त हे भाऊ इंग्लंड-अमेरिकेच्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडले. १९७१ मध्ये लंडनला तडजोड झाली, कुठल्या देशात कुणी कुठलं नाव लावायचं ते ठरलं. पश्चिमेत विकायच्या येनाच्या लेन्सवर मग 'आउस येना' एवढंच आणि सोनारच्या जागी नुसतं 'एस' असायचं. पश्चिमवाल्यांनी पूर्वेकडे विकताना 'ऑप्टॉन' लिहायचं. १९९० ला जर्मनी एक झाली आणि पुढच्याच वर्षी झाइसही.

चंद्रावर गेली ती लेन्स कुणाची हे नेहमी विचारतात. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर ६० एमएमची बायोगॉन लेन्स होती, पश्चिमेच्या झाइसची. त्या फोटोंवर बारीक बारीक अधिकची चिन्हं दिसतात ना, ती फिल्मच्या पुढे बसवलेल्या काचेवर कोरलेली होती, फोटोवरून अंतर मोजता यावं म्हणून. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर वरळीच्या नेहरू तारांगणात १९७७ पासून पंचवीसेक वर्षं छतावर तारे पाडणारं यंत्र झाइसचंच होतं. तारांगणाचा प्रोजेक्टर ही मुळात त्यांचीच कल्पना, १९२३ ची.

## मग जपान कुठून आलं?

साठच्या दशकात जपानी कॅमेऱ्यांनी जर्मनांना धुतलं. निकॉन, कॅनन, पेंटॅक्स, स्वस्त आणि दणकट. १९७२ च्या सुमारास झाइस आयकॉनने कॅमेरे बनवणं थांबवलं. झाइसने मग सरळ जपानशीच हातमिळवणी केली, ती याशिकाशी. हो, आपल्याकडे लग्नाच्या फोटोवाल्यांच्या गळ्यात असायचा तोच याशिका. १९७५ मध्ये कॉन्टॅक्स हे जुनं नाव घेऊन नवा कॅमेरा आला, बॉडी जपानी, लेन्सचं डिझाइन झाइसचं, आणि त्या लेन्सही हळूहळू जपानमध्ये बनायला लागल्या. २००५ मध्ये तो धंदा बंद झाला तोवर कोसिना नावाची जपानी कंपनी झाइससाठी लेन्स बनवायला लागली होती. सोनीच्या हँडीकॅमवरही तेच नाव. आणि २००५ मध्येच नोकिया एन ९० आला, मग एन ७३, मग एन ९५. कॉलेजात कुणाच्या हातात एन ७३ असला की मागचं झाकण सरकवून 'कार्ल झाइस' दाखवायचा सोहळा व्हायचा. तेव्हा स्टिकर म्हणून कुणी नाक मुरडलं नव्हतं!

## बरं, मग फोनमध्ये झाइसचं नेमकं आहे काय?

फोनची लेन्स झाइसच्या कारखान्यात बनत नाही. आत सहा-सात-आठ चिमुकल्या लेन्स असतात, बहुतेक साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या, आणि त्या बनवणाऱ्या आशियातल्या मोठ्या कंपन्या अनेक फोन ब्रँडना माल देतात. २०२० च्या शेवटी विवो आणि झाइसचा करार झाला आणि एक्स ६० पासून हे नाव दिसायला लागलं. झाइसचा वाटा असतो तो डिझाइनच्या अटी ठरवण्यात, कोटिंगमध्ये, तपासणीच्या निकषांत आणि रंग कसे दिसावेत यात.

'प्लास्टिक आहे म्हणजे फालतू' हा आक्षेप सोडून द्या. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकला जसे वेडेवाकडे वक्र देता येतात तसे काच घासून देणं महाकठीण, आणि तेवढ्याशा जागेत ते वक्र नसतील तर फोटोच येणार नाही.

कोटिंगचा मुद्दा मात्र खरा आहे. सात सुट्या लेन्स म्हणजे चौदा पृष्ठभाग. वरचाच हिशोब लावा, कोटिंग नसेल तर चाळीस टक्क्यांहून जास्त प्रकाश गेला. रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा गणपतीतल्या रोषणाईचा फोटो काढा, दिव्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला हिरवे ठिपके तरंगताना दिसतील. तोच तो आत उड्या मारणारा प्रकाश, १८९६ च्या प्लॅनारला नडलेला. कोटिंग आता सगळ्याच फोनमध्ये असतं, झाइसचं 'टी स्टार' नावाचं अनेक थरांचं कोटिंग त्यात उजवं म्हणून विकलं जातं. ठिपके कमी होतात, जात नाहीत.

आणि पोर्ट्रेटमधले ते 'बायोटार', 'सोनार', 'प्लॅनार' पर्याय? तो सगळा सॉफ्टवेअरचा खेळ. जुन्या बायोटारने मागचा झाडोरा गोल गोल फिरल्यासारखा दिसायचा, तो खरं तर लेन्सचा दोष होता, लोकांना तो आवडला. फोन तो दोष हिशोब करून परत रंगवतो. याला झाइसची लेन्स म्हणणं जरा जास्तच होतं, पण दिसायला छान दिसतं, नाकारत नाही.

म्हणजे नाव बघून फोन घ्यायचा का? नाही. सेन्सर केवढा आहे आणि सॉफ्टवेअर कसं आहे यावर फोटोचा मोठा भाग ठरतो. तुम्हाला आवडणाऱ्या दोन फोनवर रात्रीचा एकेक फोटो काढून बघा, ते ठिपकेच सांगतील.

## ज्यावर नाव नाही त्यातही

एक गंमत राहिली. आयफोनच्या पाठीवर झाइस नाही. पण गेल्या काही वर्षांतल्या आयफोनची चिप ज्या मशीनवर छापली जाते ती नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते, आणि त्या मशीनमधले आरसे झाइस बनवते. लेन्स नाही, आरसे, कारण तिथे वापरला जाणारा १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काच शोषून घेते. आरसा इतका गुळगुळीत की तो जर्मनीएवढा मोठा केला तरी त्यावरचा उंचवटा मिलिमीटरचा दहावा भाग भरेल, असं झाइस सांगते. २०१६ मध्ये एएसएमएलने झाइसच्या त्या विभागातला २४.९ टक्के हिस्सा घेतला, १ अब्ज युरो देऊन. झाइसच्या घरात आता मोठा पैसा इकडून येतो, चष्म्यांतून आणि डोळ्यांच्या ऑपरेशनच्या मशीनमधून येतो. कॅमेऱ्याची लेन्स आता नावापुरती जास्त.

## आणि जुनी लेन्स मिळाली तर घ्यावी का?

चोरबाजारात किंवा ऑनलाइन 'झाइस' दिसली की हुरळू नका. आधी कडेवरचं वाचा. 'कार्ल झाइस येना' किंवा 'आउस येना डीडीआर' म्हणजे पूर्वेकडची, यांच्या अॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त आत सोडणाऱ्या, पात्यांवर अनेकदा तेल उतरलेलं असतं आणि पाती चिकटतात. जपान लिहिलं असेल तर याशिका किंवा कोसिनाची, घाबरायचं कारण नाही. मग मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या हवेत ती लागतेच लागते, आणि आतवर गेली तर कोटिंगही खाते.

आणि सोनारच्या बाबतीत अजून एक. रशियन ज्युपिटरवरचं नाव घासून 'कार्ल झाइस येना सोनार' कोरलेल्या कितीतरी लेन्स जगभर फिरतायत. तशी हाती आली तर खोटी म्हणून फेकू नका, आतला हिशोब बेर्टेलेचाच आहे आणि फोटो चांगलेच येतील. पैसे फक्त ज्युपिटरचे द्या.